आधी सीटखाली वाकून बघा

श्रोतेहो, नमस्कार. परवा मिलवॉकीच्याच एका गृहस्थांचा फोन आला. "काका, हिवाळाभर गराज रिकामं आहे. एखादा जुना गार्डन ट्रॅक्टर आणून खोलावा म्हणतोय. कोहलरचं इंजिन असलेला बघू ना?"

अहो, कोहलरचं इंजिन बहुतेक सगळ्यांतच आहे! त्यावरून निवड कशी होणार?

गावाकडून ऐकणाऱ्यांना आधी सांगतो. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे पॉवर टिलर नव्हे. चार चाकांचा, बसून चालवायचा, कमरेएवढा ट्रॅक्टर. अमेरिकेत घराभोवती एक-दोन एकर असलेली माणसं त्यावर गवत कापतात, बर्फ लोटतात, परसात नांगरही धरतात. त्यांतले सुरुवातीचे तीन आज घेऊ : व्हील हॉर्सचा आर. जे. ५८, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा पहिला कब कॅडेट आणि जॉन डिअरचा ११०.

व्हील हॉर्स इंडियानातल्या साउथ बेंडचा. एल्मर पाँड यांनी १९४६ मध्ये कारखाना काढला तो पाँड याच नावाने. पण नात्यातलेच दुसरे पाँडही ट्रॅक्टर करायचे, म्हणून नाव बदलावं लागलं. व्हील हॉर्स म्हणजे गाडीच्या चाकांलगत जुंपलेला, सगळ्यांत जास्त ओढणारा घोडा. आपल्याकडे सहाबैली नांगराचे धुरेचे बैल असायचे ना, तसा. आर. जे. ५८ ची ताकद जेमतेम चार हॉर्सपॉवर, चालू करायचा दोरी ओढून. ना बॅटरी, ना वायरिंगची जाळी. पहिल्यांदाच पाना हातात धरणाऱ्याने हा घ्यावा. काम संपल्यावर त्याच्याकडून फार नांगरणीची अपेक्षा मात्र ठेवू नये.

खरी तुलना उरलेल्या दोघांची. पहिला कब कॅडेट १९६० चा, केंटकीतल्या लुईव्हिलचा. ११० आला १९६३ मध्ये, इथून तासाभरावरच्या होरिकॉनमधून. आणि गंमत बघा, त्या पहिल्या वर्षीच्या ११० मध्येही कब कॅडेटचंच इंजिन : कोहलर के १६१, सात हॉर्सपॉवर. १६ म्हणजे घन इंच, १ म्हणजे सिलिंडर. ११० ला आठ हॉर्सपॉवरचं के १८१ मिळालं ते पुढच्या वर्षी.

हे इंजिन म्हणजे ओतीव लोखंडाचा ठोकळा. बाजूला एक छोटं झाकण असतं, दोन स्क्रूचं. ते काढलं की आत पॉइंट, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणारे दोन छोटे संपर्क. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांतली, ०.०२० इंची पट्टी, साधारण अर्धा मिलिमीटर, पॉइंटांत घालायची. ओढताना जरा धरल्यासारखी वाटली की गॅप बरोबर. मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने फिरवायचं. बारीक खिडकीत 'एस'ची, म्हणजे स्पार्कची, खूण आली की त्याच क्षणी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. एवढं जमलं की ठिणगी पडतेच. तेलाला पंप नाही. कनेक्टिंग रॉडखालची पळी तेल उडवते, त्यावर सगळं भागतं. म्हणून तेल कमी असताना चालवलेलं इंजिन आतून खल्लास असतं, वरून रंग कितीही चकचकीत असो. तरी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कापून, मोठ्या मापाचा पिस्टन टाकता येतो आणि सामान अजून मिळतं. इंजिनाला घाबरू नका.

घाबरायचं ते सीटखाली. कब कॅडेटचा मागचा गियरबॉक्स फार्मॉल कब या खऱ्या शेती ट्रॅक्टरच्या घराण्यातला. ताकद इंजिनाकडून एका पट्ट्याने खालच्या शाफ्टवर येते आणि तिथून क्लचमार्गे मागे जाते. पट्टा बदलणं हे कटकटीचं काम आहे, खोटं कशाला बोलू? पुढच्या ७० आणि १०० या मॉडेलांत तो काढून सरळ शाफ्टच दिला. शाफ्टच्या पिना बघा. भोकं झिजून लांबट झाली असतील तर लेथवाला गाठावा लागेल. पण गियर? साठ वर्षांनी उघडले तरी दात जागेवर.

११० ची तऱ्हा वेगळी. त्यात व्हेरिएटर आहे : दोन पट्टे आणि मधे सरकणारी पुली. लिव्हर हलवा, गियर न बदलता वेग कमीजास्त होतो. चालवायला लोण्यासारखा. पण तीच पुली तिच्या आतल्या बुशवर, म्हणजे आधाराच्या नळीवर, झिजली की पट्टे उड्या मारतात, आणि मग महिनाभर तुम्ही नुसते पट्टेच बदलत बसता.

शिवाय १९६३ चे ११० बनलेच हजाराच्या आसपास. पहिले कब कॅडेट १९६३ पर्यंत पासष्ट हजारांवर. दुर्मीळ वस्तूचा मोह सगळ्यांना असतो, मलाही होता. एकाने "त्रेसष्टचा आहे" म्हणून गळ्यात मारलेला ११० मी आनंदाने घरी आणला. गोल मडगार्ड होते खरे, पण ते १९६५ पर्यंत येतच होते. इंजिन निघालं के १८१, हूड, म्हणजे बॉनेट, तिसऱ्याच ट्रॅक्टरचं. शुद्ध खिचडी! सीरियल नंबरची पट्टी आधी वाचली असती तर पेट्रोलचे पैसे तरी वाचले असते.

तेव्हा माझं मत कब कॅडेटला. त्यात थोडा पक्षपात आहे, कबूल. १९६३ मध्ये महिंद्रांनी याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून भारतात ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिचा बी २७५ निफाडला आमच्या अंगणात उभा असायचा. कब कॅडेट पिवळा-पांढरा, तो लाल, पण गियरच्या दांड्यावर हात ठेवला की अण्णांची हाक ऐकू येते, "अरे, क्लच पूर्ण दाब!"

तर मिलवॉकीकर, शनिवारी ट्रॅक्टर बघायला जाताना प्लगचा पाना आणि टॉर्च घेऊन जा. मालकाला इंजिन आधीच गरम करून ठेवू देऊ नका, थंडच बघा. प्लग काढा, भोकावर अंगठा दाबा आणि दुसऱ्या हाताने फ्लायव्हील फिरवा. अंगठा फुस्सकन उडाला, म्हणजे इंजिनात दाब आहे, की टॉर्च पेटवून सीटखाली वाका, आणि तिथूनच मला फोन करा.