शेकोटीभोवतीचे प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

मोटरसायकल आणि अवयवदान यांचा संबंध काय, असं मला अवयवदानाबद्दल बोलत गाडीवरून फिरताना वाटेत जागोजागी विचारलं गेलं. संबंध फार जवळचा आहे. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली जवळजवळ 75 हजार दुचाकीवरची होती. त्याच वर्षी हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार आणि मागे बसणारे मिळून 50 हजारांवर माणसं दगावली. डोक्याला जबर मार बसतो, मेंदू कायमचा थांबतो आणि बाकी शरीर मात्र तरुण, धडधाकट असतं. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना असे रुग्ण नवे नाहीत. मेंदूतल्या रक्तस्रावानेही हे होतं, पण रस्त्यावरून थेट तिथे पोचलेले पुष्कळ असतात. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी गाडीवर सामान बांधून निघालो, तेव्हा बोलण्याचा क्रम ठरवून घेतला होता. आधी हेल्मेट, मग अवयवदान.

साताऱ्याहून पंढरपूर, तुळजापूर, नांदेड, पुढे किनवट, माहूर, यवतमाळ, चंद्रपूर आणि तिथून गडचिरोली. येताना नागपूर, अमरावती करत खानदेशातून नाशिककडे. गाडी दीडशे सीसीची. मागच्या सीटवर तंबू आणि अंथरूण-पांघरूण, दोन्ही बाजूंना ताडपत्रीच्या पिशव्या, त्यांत नट-बोल्टचे पाने, पंक्चरचं सामान, जादा ट्यूब, क्लचची वायर, हवा भरायचा पायपंप आणि छोटा स्टोव्ह. चेनला तेल रोज संध्याकाळी, गाडी गरम असतानाच. मित्रमंडळींनी आणि नातेवाइकांनी किलोमीटरमागे एक रुपया द्यायचं कबूल केलं होतं. ते पैसे डायलिसिसच्या रुग्णांच्या येण्या-जाण्यासाठी. आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर खेपेला चार-चार तास यंत्राला जोडून बसायचं, त्यात तालुक्याच्या गावाहून एसटीने यायचं. उपचार मोफत मिळाले तरी तिकीट, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज आणि बाहेरचं जेवण यांनीच घर खचतं.

एकटा का गेलास, लॉजवर का राहिला नाहीस, असं घरच्यांनी आणि मित्रांनीही विचारलं. पाच-पन्नास गाड्यांचा ताफा गावातून गेला तर लोक दारात येऊन बघतात, पोरं हात हलवतात, बस्स. लॉजवर उतरलं की खोलीचं दार लागतं. पण शाळेच्या पटांगणात एकटा माणूस तंबू ठोकायला लागला, की गाव त्याच्याकडे येतं. आधी पोरं येतात, खुंट्या मोजतात. मग त्यांना हाक मारायला घरचे येतात. मग कुणीतरी विचारतं, जेवलास का. तिथून पुढे मरणाबद्दलसुद्धा बोलता येतं, हे मी या प्रवासात अनुभवलं. सभागृहात माइकवरून ते तसं बोलता येत नाही.

किनवट तालुक्यातल्या एका गावातली रात्र तुम्हाला सांगतो. मुख्याध्यापकांना विचारून व्हरांड्यालगत तंबू लावला होता. थंडी मरणाची. समोरच्या घरातून पऱ्हाट्यांचा भारा आला आणि शेकोटी पेटली. एका आजींनी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून दिल्या. “लेकरा, माय-बाप हायेत का? असा एकटा कशाला फिरतोस?” मी कशासाठी फिरतोय ते सांगितलं. थोडा वेळ सगळे नुसते शेंगा सोलत राहिले. मग एका मध्यमवयीन शेतकऱ्याने विचारलं, “छाती वर-खाली होत आसती, हात गरम लागतो, मंग माणूस मेला कसा म्हनायचा?”

हा प्रश्न मला पुढे प्रत्येक मुक्कामाला ऐकायला मिळाला आणि तो अगदी रास्त आहे. छाती वर-खाली होते ती व्हेंटिलेटरमुळे. हृदयाला ठोके द्यायला मेंदू लागत नाही. त्याची विजेची यंत्रणा त्याच्या आतच असते, म्हणून प्राणवायू मिळतोय तोवर ते चालत राहतं. पण मेंदूचा खालचा भाग, ज्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, तो मेला की स्वतःहून श्वास घेणं कायमचं संपतं. कोमातल्या माणसाचं तसं नसतं. त्याचा मेंदू आजारी असतो, मेलेला नसतो. तो शुद्धीवर येऊ शकतो. मेंदू मृत झालेला माणूस परत येत नाही.

“हे ठरवतं कोण?” लगेच दुसरा प्रश्न. चार डॉक्टर ठरवतात. त्यांत प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला एकही चालत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला दाद देतात का, घशात नळी हलवली की ठसका लागतो का, अशा तपासण्या होतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मस्तिष्कस्तंभ थोडा जरी जिवंत असेल तरी अशा वेळी श्वास घेतल्यावाचून राहवत नाही. तरीही श्वास आला नाही, तर सहा तास थांबून हे सगळं पुन्हा करायचं. दोन्ही वेळा तेच दिसलं, तरच मेंदू मृत. आजी म्हणाल्या, “दोनदा बघतात म्हन, मंग बरं हाय.” त्या रात्री माझ्या सगळ्या बोलण्यातलं लोकांना पटलं ते हे दोनदा बघणं.

याला कायद्याचा आधार मिळायला फार वर्षं गेली. 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासांतच गेला. तेव्हा आपल्या कायद्यात मेंदूमृत्यू नव्हताच. तो आला 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने. हा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल प्रदेश. त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. इतकं सगळं आपल्याकडे आधी घडूनही आज देशात दहा लाख लोकांमागे मरणोत्तर अवयवदाता एकसुद्धा पडत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोकांच्या शंका मात्र साध्या असतात आणि त्यांची उत्तरंही साधी आहेत. देह परत मिळतो का? मिळतो, व्यवस्थित शिवून मिळतो, अंत्यसंस्कार रीतीप्रमाणे करता येतात. देहदान वेगळं, अवयवदान वेगळं. पोलीस केस असेल तर? तरीही परवानगी घेऊन करता येतं. खर्च कुणाचा? संमती दिल्यानंतर दात्याच्या देखभालीचा खर्च त्याच्या घरच्यांकडून घेत नाहीत. वय झालंय, चालेल का? मरणोत्तर दानात वयापेक्षा शरीराची अवस्था महत्त्वाची. अवयव घ्यायचे की नाहीत हे त्या वेळी डॉक्टर तपासून ठरवतात.

यवतमाळच्या पुढे एका जिनिंगच्या फाटकाजवळ चहाच्या टपरीवर थांबलो होतो. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत कापसाचे तंतू. एका तरुणाने पाकीट उघडून दात्याचं कार्ड दाखवलं. “भाऊ, माझं तर झालं हे.” मी विचारलं, घरी माहीत आहे का? नाही म्हणाला. बाबा चिडतील म्हणून सांगितलं नव्हतं.

श्रोतेहो, एवढ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटलं ते याबद्दल. कार्ड असलं, तुम्ही रीतसर नोंदणी केलेली असली, तरी त्या वेळी जवळच्या नातेवाइकांना विचारलं जातं आणि त्यांनी नाही म्हटलं की विषय संपतो. वेळही थोडा असतो. हृदय शरीराबाहेर काढल्यावर चार ते सहा तास टिकतं, यकृत साधारण बारा तास, मूत्रपिंडं त्याहून जास्त. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या आईला किंवा बायकोला तुमच्या मनातलं ठाऊक नसेल, तर तिने कुठल्या बळावर हो म्हणायचं?

माझा एक मित्र होता, आम्ही पुष्कळ रस्ते बरोबर केले. डंपरच्या धडकेत त्याच्या डोक्याला मार बसला. रुग्णालयातल्या समन्वयक बाईंनी अवयवदानाबद्दल विचारलं तेव्हा काका-मामा सगळे एकमेकांकडे बघत होते. त्याची आई म्हणाली, “तो बोलला होता. रविवारी जेवताना बोलला होता, माझं काही झालं तर देऊन टाक म्हणून.” आणि तिने सही केली. दोन्ही मूत्रपिंडं, यकृत आणि डोळे दिले गेले. ते कुणाला मिळाले हे त्या माउलीला सांगितलेलं नाही, नियमच तसा आहे. माझ्या प्रवासासाठी पहिले पैसे त्याच्या आईनेच, म्हणजे आमच्या काकूंनीच, दिले.

टपरीवरच्या त्या तरुणाने माझ्यासमोर वडिलांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू आला. फोन ठेवून तो म्हणाला, “आज रात्री घरी बसून बोलू म्हणाले.” मला तेवढं पुरे होतं.

गडचिरोली जिल्ह्यात मात्र मी हा विषय बाजूला ठेवला. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना दोन्ही बाजूंना सागवान, मैलोन् मैल घर दिसत नाही. मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव द्यायचे तर व्हेंटिलेटरची सोय असलेलं रुग्णालय हाताशी हवं. जिथे बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत नेणं हीच लढाई आहे, तिथे अवयवदानावर भाषण करणं मला पटलं नाही. तिथे फक्त हेल्मेटबद्दल बोललो, दुचाकीवर तिघांनी बसण्याबद्दल बोललो आणि बाकीचा वेळ ऐकत बसलो.

आता ज्यांना नोंदणी करायची आहे त्यांच्यासाठी. राष्ट्रीय अवयव आणि ऊती प्रत्यारोपण संस्थेचा, म्हणजे नोटोचा, निःशुल्क क्रमांक आहे 1800 11 4770. आधार क्रमांक वापरून त्यांच्या संकेतस्थळावरही नोंदणी होते. वाहन परवान्याच्या अर्जातही अवयवदानाच्या संमतीचा रकाना असतो, घाईत तो बहुतेक जण वाचत नाहीत. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. कुठला अवयव कुणाला, हे ती प्रतीक्षायादीप्रमाणे ठरवतात. पैसेवाल्याला आधी मिळतो का, असं शेकोटीभोवती फार वेळा विचारलं गेलं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नेत्रदानासाठी मेंदूमृत्यूची गरज नसते. घरी मृत्यू झाला तरी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवलं तर चालतं. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटवायच्या आणि त्यांवर ओला कापूस ठेवायचा.

येत्या जानेवारीत मी पालघरपासून सावंतवाडीपर्यंत कोकणातून खाली उतरणार आहे. वाटेत शाळेच्या पटांगणात किंवा देवळाच्या आवारात तंबूला जागा मिळेल तिथे मुक्काम करीन. गाडीच्या मागच्या नंबरप्लेटवर हिरवी फीत बांधलेली असेल. दिसलो तर या, आणि जे विचारायचं ते बिनधास्त विचारा.

नमस्कार.