घोड्याचा केस आणि चामखीळ

[सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. कॅमेरा फक्त बोटांवर.]

पान पत्र्याच्या फर्म्याएवढं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा मारायचा, तोंड दुमडायचं. पान मोडू नये म्हणून आधी भिजवतात, त्यामुळं बोटंही दिवसभर ओलसर राहतात. मजुरी हजार विड्यांवर, तेव्हा मावशी आमच्याशी बोलत असतानाही हात थांबत नाहीत. उजव्या तर्जनीच्या नखाशेजारी मुगाएवढी खरखरीत गाठ आहे, वरून फुलकोबीसारखी फुटलेली.

"चामखीळ आहे. दोरा नेमका तिथंच घासतोय बघा."

मावशींच्या तेलुगू घरी तिला पुलिपिरी म्हणतात. पलीकडच्या कानडी घरात नरहुली. सोलापुरात दुखण्यालाही तीन नावं असतात.

[क्लोजअप. गाठीत काळे ठिपके.]

या ठिपक्यांना लोक चामखिळीची मुळं म्हणतात आणि ती उपटायला ब्लेड घेतात. पण चामखिळीला मूळ नसतं. ती त्वचेच्या वरच्या थरातच वाढते. ठिपके म्हणजे बारीक केशवाहिन्यांत गोठलेलं रक्त. ब्लेड लावलं की रक्त येतं आणि चामखीळ आणणाऱ्या विषाणूला शेजारी नवी जागा मिळते. दाढीवरच्या चामखिळी वस्तऱ्याच्या वाटेनं रांगेत उगवतात, त्या अशाच.

विषाणूचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे 200हून अधिक प्रकार आहेत. हातापायांवर चामखीळ आणणारे वेगळे आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले वेगळे, त्यामुळं बोटावरची चामखीळ पाहून धास्ती घ्यायचं कारण नाही. हा संसर्ग आहे हे 1907 साली इटलीच्या ज्युसेप्पे चुफ्फो या डॉक्टरनं दाखवलं. चामखिळीचा अर्क जिवाणू अडतील अशा गाळणीतून गाळून त्यानं तो स्वतःच्याच त्वचेत टोचून घेतला. चामखीळ आली! ओली, भिजून मऊ पडलेली किंवा खरचटलेली त्वचा या विषाणूला सोपी जाते. मावशींच्या बोटांकडे पुन्हा एकदा बघा.

[मावशी हसतात.]

"घोड्याचा केस बांधून बघितला. राहातच नाही, निसटतो."

निसटणारच. गडबड शब्दात आहे. मानेवर, काखेत देठाला लटकणारा मऊ मांसाचा दाणा असतो, त्यालाही आपण चामखीळच म्हणतो. तो विषाणूचा नसतो. वजन वाढलेल्यांत, मधुमेह्यांत जास्त दिसतो. त्याच्या देठाला केस आवळला की रक्त तुटतं आणि तो वाळून पडतो. घोड्याच्या केसाची कीर्ती तिथली आहे. विषाणूची चामखीळ बुडाशी रुंद असते, केस आवळणार कशाला? शिवाय घरी आवळलेला देठ पिकूही शकतो.

चुना-सोडा आणि रुईचा चीक मात्र खरंच भाजतात. चामखिळीसोबत चांगली कातडीही जळते आणि डाग राहतो. मग "आमच्या काकूची गेली" हे खोटं का? नाही. मुलांच्या पुष्कळशा चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, कारण शरीराला विषाणूची ओळख पटते. त्या आधी जो उपाय शेवटी केलेला असतो, त्याचं नाव होतं.

[सिव्हिलकडं जाणारा रस्ता. रिक्षा.]

थांबायचं नसेल, तर पहिला उपाय सॅलिसिलिक आम्लाचा. हात कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवायचा, वरची मेलेली कातडी हलकेच घासायची, भोवती व्हॅसलीन लावून औषध फक्त गाठीवर. रोज, बारा आठवड्यांपर्यंत. घासायची वज्री वेगळी ठेवा, घरात फिरवू नका. चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर हे औषध लावायचं नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडं उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन असतो. त्यानं गोठवल्यावर फोड येतो, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा गोठवावं लागतं. करंटनं जाळतातही. अनेक चामखिळी असतील तर गोवर-गालगुंड-रुबेलाची लस थेट गाठीत टोचतात. प्रतिकारशक्ती लसीमुळं जागी होते आणि कधी कधी दूरच्या, न टोचलेल्या चामखिळीही जातात. यातलं काहीही हमखास नाही, आणि गेलेली परतही येते.

तळपायाला असेल तर आधी ते कुरूप नाही ना, हे बघा. कुरपावरून त्वचेच्या रेषा सलग जातात, चामखीळ त्या तोडते. कुरूप दाबल्यावर दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर जास्त दुखते. मधुमेह असेल तर मात्र पायावर घरी ना आम्ल, ना ब्लेड. आणि उतारवयात नवीनच उगवलेली, रंग बदलणारी, आपोआप रक्त येणारी गाठ डॉक्टरांना दाखवाच.

[दोन महिन्यांनंतर. तेच अंगण, तेच सूप.]

तर्जनीवर चिकटपट्टी आहे. मावशी ती सोडवून दाखवतात. गाठ निम्म्यावर आलीय, काळे ठिपके मोजून तीन.

"औषध रोज लावते. आणि गावच्या देवाला मीठ पण वाहिलंय."

कशानं कमी झाली मग?

"ते काय माहीत. पूर्ण जाईपर्यंत दोन्ही चालू ठेवते की."