खुंटी पिळावी तसा प्रकाश

(दृश्य: इंदूरचा सराफा, भर दुपार. काउंटरवर सोन्याच्या बांगड्या.)

रात्री सराफ्यात येतो ते खायला. आज दुपारी आलोय, सोनं बघायला. ही बांगडी पिवळीधमक आहे. पण याच सोन्याचे २० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण पाण्यात तरंगत ठेवले, तर पाणी माणकासारखं लाल दिसतं. १८५७ साली मायकल फॅरेडेनं असं लाल पाणी करून दाखवलं होतं. प्रकाश पडला की कणातले मोकळे इलेक्ट्रॉन सगळे मिळून हेलकावतात, त्यात हिरवा प्रकाश शोषला जातो आणि उरतो लाल. या सामूहिक हेलकाव्याला प्लाझ्मॉन म्हणतात.

सोन्यात मोकळे इलेक्ट्रॉन किती, हे ठरलेलं असतं. कण एकदा घडला की त्याचा रंगही ठरला. दुसरा हवा, तर दुसरा कण घडवा.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉनचा तुकडा, त्यावर फिकट जांभळट पापुद्रा.)

हे ग्राफीन. कार्बनच्या अणूंचा एकच थर, जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर. आंद्रे गाइम आणि कॉन्स्तान्तिन नोवोसेलोव्ह यांनी २००४ साली मँचेस्टरमध्ये साध्या चिकटपट्टीनं ग्राफाइटचे पापुद्रे सोलून तो वेगळा केला. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं.

नीट बघा: खाली सिलिकॉन, मध्ये ऑक्साइडचा पातळ थर, वर ग्राफीन. सिलिकॉनला व्होल्टेज दिलं की ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन वाढतात किंवा घटतात, आणि त्याबरोबर प्लाझ्मॉनची वारंवारता सरकते. तंबोऱ्याची खुंटी पिळून तार सुरात आणावी, तसं. ग्राफीनची बारीक पट्टी कापली, तर हिशोबही स्वच्छ आहे. इलेक्ट्रॉन १६ पट केले की वारंवारता दुप्पट होते. रुंदी एक चतुर्थांश केली, तरी दुप्पट. रुंदी एकदाच ठरते, व्होल्टेज मात्र केव्हाही बदलता येतं. माझ्या मते ग्राफीनची खरी श्रीमंती इथंच आहे.

(दृश्य: अणकुचीदार टोक, पडद्यावर उमटत जाणारे पट्टे.)

२०१२ साली स्पेन आणि कॅलिफोर्नियातल्या दोन गटांनी हे प्लाझ्मॉन प्रत्यक्ष टिपले. अतिसूक्ष्म टोकावर अवरक्त प्रकाश सोडला. टोकाखाली उठलेली लाट ग्राफीनच्या कडेला आपटून परतली आणि पट्टे उमटले. बाहेरच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे १० मायक्रोमीटर, आतल्या लाटेची त्याच्या कित्येक पटींनी कमी, २०० नॅनोमीटरच्या आसपास. व्होल्टेज बदललं की पट्ट्यांमधलं अंतरही बदलायचं!

(दृश्य: कॅटकडे जाणारा रस्ता.)

रामबाग असो की टिळकनगर, कॅटमध्ये, म्हणजे इंदूरच्या सरकारी संशोधन केंद्रात, नोकरी करणारं कुणीतरी ओळखीचं निघतंच. राजा रामण्णा केंद्र हे नाव येऊन इतकी वर्षं झाली, तरी इंदूरकरांच्या तोंडी कॅटच. तिथं इंडस-२ या वर्तुळाकार यंत्राच्या सुमारे १७२ मीटर परिघात इलेक्ट्रॉन धावतात आणि चुंबकांनी वळवले की क्ष-किरण देतात. ग्राफीनमध्ये उलटं, इथं प्रकाशच इलेक्ट्रॉनांना हेलकावे देतो.

ग्राफीनमधलं हे सगळं चालतं अवरक्त आणि त्याहूनही कमी वारंवारतेच्या टेराहर्ट्झ पट्ट्यात, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांत नव्हे. शिवाय इलेक्ट्रॉन अडखळले की लाट लवकर विरते. बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये ग्राफीन ठेवलं, तर ती जास्त टिकते.

पण प्रथिनांच्या रेणूंची कंपनंही याच अवरक्त पट्ट्यात येतात. २०१५ साली स्वित्झर्लंड आणि स्पेनमधल्या संशोधकांनी ग्राफीनच्या पट्ट्यांवर प्रथिनं ठेवली आणि व्होल्टेज बदलत एकाच तुकड्यावर वेगवेगळी कंपनं ओळखली. सोन्याच्या संवेदकात दर कंपनासाठी वेगळ्या मापाची रचना घडवावी लागली असती.