एकाच सेटवरचे दोन ड्रॅक्युला

[दृश्य: रात्रीचा घाट, धावणारी बग्गी]

चित्रपट सुरू होताच पडद्यावर एक वचन उमटतं : ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला' कादंबरीत लिहिली तशीच्या तशी ही गोष्ट आम्ही प्रथमच सांगतो आहोत.

चित्रपट 'काउंट ड्रॅक्युला', साल १९७०. दिग्दर्शक स्पेनचा हेसूस फ्रँको, निर्माता हॅरी अ‍ॅलन टॉवर्स. ड्रॅक्युला ख्रिस्तोफर ली, त्याच्याशी लढणारा व्हॅन हेलसिंग हर्बर्ट लोम आणि वेडा रेनफिल्ड साक्षात क्लाउस किन्स्की. जुन्या युरोपीय भयपटांचा चाहता ही नावं वाचूनच सरसावून बसतो.

सुरुवातीला तर वचन पाळलंही जातं. लीचा ड्रॅक्युला म्हातारा आहे, पांढऱ्या मिशांचा. कादंबरीत आहे तसाच. रक्त मिळेल तसतसा तो तरुण होत जातो. १९५८ पासून ब्रिटनच्या हॅमर कंपनीसाठी ली ही भूमिका करत होता, पण असा ड्रॅक्युला त्याला तिथे साकारता आला नव्हता. पूर्वजांच्या लढायांबद्दल तो बोलू लागतो आणि वाटतं, आता काहीतरी मोठं पाहायला मिळणार.

मग लांडगे येतात. ते जर्मन शेफर्ड कुत्रे आहेत, हे पहिल्या नजरेतच कळतं.

इथून चित्रपट हातातून निसटत जातो. ओसाड घरातले पेंढा भरलेले प्राणी जिवंत होतात, म्हणजे ते जागेवरच हलतात आणि कॅमेरा त्यांच्यावर झूम करत राहतो. कॅमेरा पुढे-मागे नेणाऱ्या ट्रॉलीचे रूळ अंथरायला वेळ लागतो, माणसं लागतात. झूमला काहीच लागत नाही. त्या काळच्या स्वस्त भयपटांत इतके झूम दिसतात ते यामुळेच. ली आणि लोम यांचं चित्रीकरण तर वेगवेगळं झालं. त्यामुळे ड्रॅक्युला आणि व्हॅन हेलसिंग समोरासमोर येतात, पण एका चौकटीत येत नाहीत. ज्या झुंजीसाठी आपण थांबलेलो असतो, ती संकलनाच्या टेबलावर जुळवलेली असते. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

[दृश्य: कृष्णधवल, खरखरीत प्रतिमा]

आता हे बघा. तोच सेट, तेच कलाकार.

फ्रँकोचं चित्रीकरण चालू असताना कॅटलान दिग्दर्शक पेरे पोर्ताबेया तिथेच आपला कॅमेरा घेऊन वावरत होता. त्यातून 'कुआदेकुक, वाम्पिर' तयार झाला. काळा-पांढरा, जवळजवळ संवादांशिवाय. काळा रंग इतका गडद की चेहरे त्यातून उगवल्यासारखे वाटतात. ध्वनिपट्टीवर कार्लेस सांतोसचं संगीत आणि मध्येच यंत्रांची घरघर. सेटवर खोटी कोळिष्टकं फवारणारं यंत्रसुद्धा पोर्ताबेया लपवत नाही, तरी भीती वाटते. पैसा त्याच्याकडेही नव्हता. मग कमी बजेटला किती दोष द्यायचा?

आणि ही सोलेदाद मिरांदा. फ्रँकोच्या चित्रपटातली ल्यूसी, ड्रॅक्युलाची शिकार. ऑगस्ट १९७० मध्ये पोर्तुगालमध्ये मोटार अपघातात ती गेली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. फ्रँकोचे झूम कितीही खटकले, तरी ती पडद्यावर असेपर्यंत नजर हटत नाही.

म्हणून दोन्ही चित्रपट पाहा, आधी फ्रँकोचा. पोर्ताबेयाच्या शेवटाकडे ली रंगभूषा उतरवतो आणि स्टोकरच्या पुस्तकातून ड्रॅक्युलाच्या मृत्यूचा उतारा वाचून दाखवतो. पहिल्या चित्रपटाने दिलेलं वचन तिथे, त्या काही ओळींत, पुरं होतं.