डावीकडची रिकामी जागा

पडद्यावर दिसते आहे ते ओटीपोटाचे आतले दृश्य आहे, दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने टिपलेले. उजवीकडे गर्भाशयालगत सोललेल्या बदामासारखा पांढुरका बीजांडकोश आहे आणि गर्भनलिकेची झालर त्याच्यावर झुकलेली आहे. कॅमेरा डावीकडे वळतो, तेव्हा मात्र पोटाचे गुळगुळीत, चकाकते अस्तर तेवढे दिसते. जुन्या शस्त्रक्रियेचा व्रणही तिथे नाही.

जन्मतः एकच बीजांडकोश असणे फार विरळा. वैद्यकीय लेखनात सुमारे ११,२४० स्त्रियांमागे एक असा अंदाज दिला जातो, पण नेमकी संख्या कळणे अवघडच, कारण एका बीजांडकोशावरही पाळी नियमित येते, दिवस राहतात, आणि मग तपासणीला जाण्याचे कारणच उरत नाही. बहुतेकींना हे कळते ते मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर, किंवा थेट सिझेरियनच्या वेळी.

गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना बीजांडकोशाचा पाया घातला जातो. एका बाजूची ही घडणच चुकली, तर बीजांडकोशाबरोबर गर्भनलिका आणि कधी त्याच बाजूचे मूत्रपिंडही नसते, गर्भाशयही अर्धेच घडते. दुसरी शक्यता मनाला अधिक चटका लावते: बीजांडकोश तयार झालेला असतो, पण आईच्या पोटातच त्याला पीळ पडतो, रक्तपुरवठा तुटतो आणि तो सुकून विरून जातो. क्वचित चुन्याचा लहानसा खडा तेवढा मागे उरतो.

सोनोग्राफीच्या अहवालात ‘डावा बीजांडकोश दिसला नाही’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो नाहीच असे घाईने धरू नये. आतड्यांतल्या वायूमुळे तो झाकला जातो, आणि काहीजणींमध्ये तो नेहमीच्या जागेहून बराच वर राहिलेला असतो. एमआरआय किंवा दुर्बिणीनेच खात्री होते, आणि ती झाली की मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यायलाच हवी.

उरलेल्या बीजांडकोशाला मात्र जपावे लागते. त्यावर गाठ आली, तर शक्यतो गाठ तेवढी काढून बीजांडकोश राखला जातो. अचानक ओटीपोटात असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर तो पीळ असू शकतो, आणि अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरांना पहिल्याच क्षणी कळावे म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून घ्यावे: ‘एकच बीजांडकोश, उजवा.’