प्रेअरीवरून आलेली पत्रं

मंडळी, आज मी नॉर्वेतून अमेरिकेतल्या टेक्ससला जाऊन राहिलेल्या आणि तिथून मायदेशी पत्रं लिहिणाऱ्या एलिसे त्वेदे या बाईंविषयी बोलणार आहे. त्यांचा जन्म 19 फेब्रुवारी 1815 रोजी नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या दिपवोगला झाला. वडील ल्यूथरन या ख्रिस्ती पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. त्या काळी नॉर्वेत मुलींना वरच्या शाळेची दारं बंद होती. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा देणारी पहिली मुलगी तिथे दिसली ती थेट 1882 साली. त्यामुळे मुलीला लिहितं-वाचतं करणारं ठिकाण म्हणजे पाळकाचं घर. तिथे पुस्तकं असत, पाहुणे येत, पत्रं येत. वडील शिकवत, मुली ऐकत. एलिसे घडल्या त्या अशा घरात.

एकोणिसाव्या वर्षी त्या टॉन्सबर्गला शिक्षिका झाल्या. मी स्वतः आयुष्यभर शाळेत शिकवलं, म्हणून मला याचं मोल वाटतं: 1834 साली घर सोडून दुसऱ्या गावी जायचं, मुलांना शिकवायचं आणि आपल्या कमाईवर राहायचं. तिथे त्यांची स्वेन फॉइन या जहाजाच्या कप्तानाशी ओळख झाली आणि 1839 मध्ये लग्न. हेच फॉइन पुढे देवमाशाच्या शिकारीचा स्फोटक भाला तयार करून अफाट श्रीमंत झाले. पण दोघांचे स्वभाव जुळले नाहीत. 1842 मध्ये ते वेगळे झाले, आणि एलिसे यांनी माहेरचं नाव पुन्हा लावलं. पाळकाच्या मुलीने, त्या काळात! लोक काय म्हणतील याचा विचार त्यांनी केला असेलच, पण त्या विचाराने त्या थांबल्या नाहीत.

लिल्लेसान या बंदराच्या गावी त्यांनी मुलींसाठी हस्तकलेची शाळा काढली. 1843 साली दारूबंदीवर पुस्तिका लिहिली. यामागचं कारण समजून घ्यायला हवं. 1816 च्या कायद्याने नॉर्वेत घरोघरी दारू गाळायला मोकळीक मिळाली होती आणि बटाट्याची, धान्याची दारू शेतकऱ्याच्या घरात रोजची झाली होती. संसार कसे उद्ध्वस्त होतात हे एलिसे डोळ्यांनी पाहत होत्या. पुढे टेक्ससला गेल्यावरही त्यांनी हे काम सोडलं नाही, तिथल्या वस्तीतही दारू सोडणाऱ्यांची मंडळी उभी केली.

टेक्ससकडे त्यांना वळवलं योहान रेयरसेन या संपादकाने. त्याने 1845 मध्ये पूर्व टेक्ससमध्ये नॉर्वेजियनांची पहिली वस्ती वसवली आणि मागे नॉर्वेत ‘नॉर्वे आणि अमेरिका’ या अर्थाच्या नावाचं एक मासिक ठेवलं. ते 1846 पासून एलिसे यांनी सांभाळलं. देश सोडून जाणाऱ्यांसाठीचं मासिक एका बाईच्या हाती! आणि 1847 मध्ये त्या स्वतःच निघाल्या. समुद्र ओलांडून न्यू ऑर्लिन्स, तिथून पुढे आत टेक्सस. 1848 साली विल्हेल्म वॅरेन्शोल्ड यांच्याशी लग्न झालं आणि फोर माइल प्रेअरी या गवताळ माळावर संसार उभा राहिला. गाईगुरं, मेंढ्या, डुकरं, आणि पुढे तीन मुलगे: ओट्टो, नील्स, थोरवाल.

आता त्या वस्तीत काय नव्हतं ते सांगते. पाळक नव्हता. आपल्याला वाटेल, एक धर्मगुरू नसला तर काय बिघडलं? पण नॉर्वेतल्या माणसाच्या आयुष्यात बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, दफन, मुलांचं वाचन शिकणं हे सगळं पाळकाच्या हातून व्हायचं. दृढीकरण म्हणजे मोठ्या झालेल्या मुलाने आपली श्रद्धा स्वतः कबूल करण्याचा विधी. 1736 पासून तो सक्तीचा होता, आणि त्यासाठी मुलाला धर्मप्रश्नोत्तरी यावी लागे. तेव्हा पाळक नाही म्हणजे पोरांचं शिकणंही अडतं. एलिसे पत्रांमधून पाळक मिळावा म्हणून तळमळत राहिल्या. 1850 च्या दशकात एक पाळक आले, काही वर्षं राहिले आणि परत गेले. मग पुन्हा तीच पोकळी. एलिसे कोणाही पाळकाची पत्नी नव्हत्या. पण पाळकाच्या घरातली बाई वस्तीसाठी जे करते, म्हणजे वाचायला देणं, शिकवणं, आजारी माणसाची विचारपूस, मागे राहिलेल्यांना खुशाली कळवणं, ते सगळं त्यांच्या अंगावर आलं आणि त्यांनी ते मनापासून केलं.

या खुशालीच्या पत्रांनीच त्या आज आपल्याला भेटतात. लिल्लेसानच्या थोमिने दान्नेविग या मैत्रिणीला त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. गुरं किती, पीक कसं, कोणती फळं येतात, कोण आजारी, कोणाला मूल झालं. टोल्मेर नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने टेक्सस अगदी वाईट आहे असं नॉर्वेच्या वृत्तपत्रात लिहिलं, तेव्हा एलिसे यांनी त्याला मुद्द्यामागून मुद्दा घेत उत्तर दिलं. हिवतापाचा त्रास त्यांनी लपवला नाही. मला हे फार आवडतं. आपली निवड योग्य ठरवण्यासाठी माणूस किती खोटं बोलू शकतो! त्या बोलल्या नाहीत.

गुलामगिरीबद्दलही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. टेक्सस हे गुलाम बाळगणारं राज्य, शेजारी गुलाम बाळगणारे. अशा ठिकाणी राहून ‘ही प्रथा देवाच्या इच्छेविरुद्ध आहे आणि ती संपणारच’ असं त्या म्हणत होत्या. ही श्रद्धा त्यांनी पाळकाच्या घरातूनच आणली असावी असं मला वाटतं. देव सगळ्यांचा, मग एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा कसा?

अमेरिकेतलं, गुलामगिरीवरून पेटलेलं यादवी युद्ध संपलं आणि 1866 उजाडलं. त्या एका वर्षात धाकटा थोरवाल गेला, आणि नोव्हेंबरमध्ये विल्हेल्म यांना प्रेअरीव्हिल गावात भोसकून ठार मारलं. खुन्याला शिक्षा व्हायला कितीतरी वर्षं गेली. पन्नाशी ओलांडलेली बाई, कर्ज, शेत, दोन मुलगे. त्या भाज्यांचं बी विकत, पुस्तकं विकत, मासिकांचे वर्गणीदार जमवत, मुलांना शिकवत. एकोणिसाव्या वर्षी हाती घेतलेलं शिकवणं साठीनंतरही सुटलं नाही. आणि पत्रं चालूच. मागच्या पत्राला उत्तर का नाही, अमकीची मुलगी कशी आहे, तमक्याचं घर विकलं का, अशी विचारपूस समुद्रापलीकडे जात राहिली.

नोव्हेंबर 1894 मध्ये नॉर्वेत स्वेन फॉइन वारले. दोन महिने गेले नाहीत तोच, 22 जानेवारी 1895 रोजी, टेक्ससच्या हॅमिल्टन गावी एलिसेही गेल्या. ज्यांना पत्रं आली होती त्यांनी ती जपून ठेवली होती, म्हणून त्यांतली बरीच आजवर टिकली. त्या पत्रांत आजही पीक उभं आहे, गुरं मोजलेली आहेत, आणि एक बाई माळावर बसून मैत्रिणीला विचारते आहे, तुझं कसं चाललंय?