मिसळीचा घाम

[गोदाघाट, डिसेंबरातली सकाळ. कॅमेरा काठावरून पंचवटीतल्या एका गल्लीत वळतो.]

अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि कपाळावर घाम. नाशकात रविवारी सकाळी असा माणूस दिसला की समजायचं, समोर मिसळ आहे.

[ताट जवळून : मटकी, शेव, कांदा. वाटीत काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लाल तर्री. बाजूला पापड, दही.]

पहिला घास. मीठ, लिंबू, रश्श्यातला कांदा-खोबऱ्याचा गोडवा, सगळं रुचिकलिकांनी टिपलं. तिखट मात्र त्यांच्या खात्यातच येत नाही. आपल्या षड्रसांत कटू, म्हणजे तिखट, रसाला मानाचं पान आहे खरं. पण शरीराच्या लेखी ती चव नव्हे, चटका आहे.

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेतल्या वेदनेच्या चेतातंतूंवरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. हे प्रथिन म्हणजे दारच. एरवी ते साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उघडतं. कॅप्सेसिन त्याला एवढी उष्णता नसतानाही उघडायला लावतं. सोडियम, कॅल्शियमचे आयन आत घुसतात, तंतूत विद्युतसंदेश उठतो आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेवरून मेंदूकडे निघतो. दाढदुखीची कळही याच वाटेने जाते. संदेशावर ‘मिरची’ असा शिक्का नसतो. मेंदूला कळतं ते एवढंच, की तोंड भाजतंय. मग घाम, डोळ्यांत पाणी, नाकाला धार.

हे दार १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला सापडलं. २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. पक्ष्यांमध्ये या प्रथिनाची घडण जरा वेगळी, त्यावर कॅप्सेसिनची मात्रा चालत नाही. म्हणून पोपट हिरवी मिरची काकडीसारखी खातो. हेवा वाटतो मेल्याचा.

[कोपऱ्यातल्या टेबलावर एक काका पाण्याचा दुसरा ग्लास रिकामा करतात.]

काका, पाण्याने भागायचं नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. तर्री लाल आणि जहाल ती उगाच नाही. दही घ्या. त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवून नेतं. आणि त्याच बोटाने डोळा चोळू नका, तिथले तंतूही ट्रायजेमिनलचेच.

[चहा येतो. काका घोट घेतात, दचकतात, चहा बशीत ओततात. फुंकर. पुन्हा फुंकर.]

कॅप्सेसिनच्या अमलाखाली ते दार नेहमीपेक्षा कमी तापमानालाही उघडतं. बेताचा गरम घोटही पोळतो.

वेटर बशीकडे बघतो.

“काका, गार झालाय तो. दुसरा आणू?”